निसटता कार्बन

फाउंड्रीतून घरी निघालेल्या माणसाच्या शर्टावर एखादी चंदेरी-काळी टिकली चमकताना दिसली, तर ती किश असते. वितळलेल्या बिडात मावेल त्याहून जास्त कार्बन झाला, की तापमान उतरताना तो पापुद्र्यांच्या रूपात वर येतो, धातू ओतायची लॅडल हलली की हवेत उडतो आणि छपराच्या फटीतून आलेल्या तिरिपेत भिरभिरत खाली बसतो. नवखा मुलगा ती टिकली बोटाने झटकायला जातो आणि शर्टावर करडा पट्टा ओढला जातो. जुने लोक हात लावत नाहीत, फुंकर मारतात.

किश म्हणजे ग्राफाइट. शिसपेन्सिलीच्या पोटात असतं तेच. पेन्सिलीत त्याला माती मिसळून भाजलेलं असतं, एवढाच फरक. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत ओतकामाचे नमुने तपासणं ही माझी नोकरी. चित्रं काढायचा नाद त्याहून जुना, शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांपासूनचा. त्यामुळे हा एकच पदार्थ दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली आणि रात्री कागदावर, असा दोन्हीकडे भेटत राहतो.

ग्राफाइटविषयीचं कुठलंही पुस्तक उघडलं, की उपयोगांची लांबलचक यादी मिळते: पेन्सिल, मूस, वंगण, विजेच्या भट्टीचे इलेक्ट्रोड, बॅटरी, अणुभट्टी. वाचणाऱ्याला वाटतं, केवढा हा गुणी पदार्थ! मला ती यादी वाचताना वेगळंच वाटतं. हा पदार्थ मुळात कच्चा आहे. त्याला स्वतःचं अंग सांभाळून ठेवता येत नाही, आणि चार-साडेचारशे वर्षं माणसं त्याच्या या एकाच कच्चेपणाला कामाला लावत आली आहेत.

आतली रचना तशी साधी आहे. कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसतात आणि त्यांचा एक सपाट थर होतो. थरातले बंध हिऱ्यातल्या बंधांहूनही आखूड आणि घट्ट. मात्र एका थराचं शेजारच्या थराशी नातं अगदी जुजबी. पत्रावळींच्या चवडीसारखं हे प्रकरण: एकेक पत्रावळ टाके घालून पक्की केलेली, पण चवड जरा कलली की सगळ्या घसरल्याच. वीज आणि उष्णता थराच्या आतून झपाट्याने पळतात, थर ओलांडून जायचं म्हटलं की अडखळतात.

पण नुसता सैलपणा सांगून गोष्ट पुरी होत नाही. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश बघता बघता झिजून त्यांचा भुगा व्हायला लागला. हेच ब्रश जमिनीवर व्यवस्थित चालत. (आपल्या मिक्सरमध्येही असतात, मिक्सर बंद पडला की दुरुस्तीवाला ‘कार्बन गेला’ म्हणतो ते हेच.) शोध घेतल्यावर कळलं, की विरळ, कोरड्या हवेत ग्राफाइट घसरत नाही, उलट खरवडतं. हवेतली वाफ पापुद्र्यांवर आणि त्यांच्या कडांवर बसलेली असते, म्हणून ते एकमेकांवरून गुमान सरकतात. वाफ काढून घेतली, की उघड्या पडलेल्या कडा समोर येईल त्याला चिकटतात. म्हणून अवकाशयानात ग्राफाइटचं वंगण चालत नाही. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात. ज्याला आपण पदार्थाचा अंगचा गुण समजतो, तो पुष्कळदा आजूबाजूच्या हवेकडून उसना घेतलेला असतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात निदान या बाबतीत काळजी नको.

कागदावर हेच घडतं. पेन्सिल टेकवून ओढली, की कागदाचा दाणा तिला खरवडतो आणि पापुद्रे सुटून तंतूंवर आडवे होतात. रेघ म्हणजे पेन्सिलीचा झिजलेला भाग. शाईसारखी ती कागदात मुरत नाही, वर बसून राहते. बहुतेक सोयी आणि बहुतेक अडचणी यातूनच येतात. तांब्याच्या तोंडातला अंधार पेन्सिलीने भरायला बसलं, की पहिली अडचण कळते. सिक्स-बी कितीही दाबा, मनासारखं काळं होत नाही. उलट जितकं दाबावं तितके पापुद्रे सपाट होत जातात, प्रकाश परतवायला लागतात आणि जिथे सर्वांत खोल अंधार हवा नेमकी तिथेच पत्र्यासारखी चमक येते. कोळशाच्या कांडीचं तसं नाही. कोळशाचा भुगा वेडावाकडा असतो, त्यात प्रकाश शिरतो तो सहसा बाहेर येत नाही. म्हणून ज्यांना नाट्य हवं ते कोळशाकडे जातात.

ज्याने ही मर्यादा बिनतक्रार मान्य केली आणि तिच्यातूनच काम काढलं, असा चित्रकार म्हणजे फ्रेंच आंग्र. १८०६ पासून तो रोममध्ये होता. नेपोलियनची सत्ता गेल्यावर तिथली फ्रेंच गिऱ्हाइकं पांगली, आणि पोट भरण्यासाठी आंग्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांची पेन्सिलीत व्यक्तिचित्रं काढू लागला. तो स्वतःला इतिहासचित्रकार समजत असे, त्यामुळे हे काम त्याला हलकं वाटे. पॅरिसच्या लूव्रमध्ये त्याने १८१९ साली काढलेलं व्हायोलिनवादक पागानिनीचं चित्र आहे. या चित्रांत काळोख जवळजवळ नाहीच. टोकदार पेन्सिल, गुळगुळीत कागद, चेहऱ्यावर बारीक काम आणि कोटाच्या घड्या चार रेघांत सोडून दिलेल्या. त्याची मोठी तैलचित्रं मी छापील पुस्तकांत पाहिली, ती मला थंड वाटतात. ही कंटाळून काढलेली पेन्सिलचित्रं मात्र पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटतात.

वर बसून राहण्याचा दुसरा परिणाम म्हणजे खोडता येणं. रबर माहीत नव्हतं तेव्हा लोक पावाच्या मऊ गराने पेन्सिलीच्या रेघा पुसत. रबराने त्या पुसल्या जातात ही नोंद इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने १७७० साली केली. खोडता येतं म्हणून माणूस कागदावर धीट होतो. मूर्तीचा कच्चा आराखडा असो की पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग, आधी चुकीची रेघ मारल्याशिवाय बरोबर रेघ कुठे हवी ते कळत नाही.

ही दोन्ही जगं, चित्राचं आणि ओतकामाचं, पहिल्यापासून एकाच खाणीतून निघालेली आहेत. इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात सोळाव्या शतकात ग्राफाइटचा असा साठा सापडला, की त्याचे ठोकळे थेट करवतीने कापून कांड्या करता येत. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत. चित्रकारांनी कांड्यांना दोरा गुंडाळला, मग लाकडात बसवल्या. पण सरकारचा डोळा होता तो तोफगोळ्यांवर. गोळ्याच्या साच्याला आतून ग्राफाइट चोळलं, की गोळा गुळगुळीत आणि गोल निघे, साच्यातून सहज सुटे आणि तोफेतून लांब जाई. खाणीवर पहारे बसले, मजुरांच्या झडत्या सुरू झाल्या, आणि १७५२ साली पार्लमेंटने तिथल्या ग्राफाइटची चोरी हा मोठा गुन्हा ठरवला. आमच्याकडे मोल्डिंगवाले आजही वाळूच्या साच्याला ग्राफाइटचा हात देतात. चौदाशे अंशांच्या धातूने वाळूत शिरू नये आणि ओतकाम साफ सुटावं, हाच त्यामागचा हिशेब. फक्त झडती होत नाही.

१७९३ साली इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं आणि फ्रान्सला बॉरोडेलचा माल मिळेनासा झाला. नकाशे काढायला, हुकूम लिहायला पेन्सिली तर हव्याच. निकोला-जाक काँते या माणसावर पर्याय शोधायचं काम पडलं. हा मूळचा चित्रकार, पुढे बलूनवाला झालेला. हायड्रोजनच्या प्रयोगात त्याचा एक डोळा गेला होता. त्याने हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड केली, ती धुऊन चिकणमातीत मळली, कांड्या वळून भट्टीत भाजल्या आणि १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. आपण दुकानात एचबी मागतो की फोर-बी, यामागे हाच मातीचा हिशेब आहे. बॉरोडेलचा ठोकळा निसर्गाने जसा दिला तसा वापरावा लागे. काँतेने ग्राफाइट किती सुटावं हे माणसाच्या हातात आणलं. माझ्या मते पेन्सिलीचा खरा शोध हाच.

गंमत म्हणजे हाच माती-ग्राफाइटचा मेळ मुशीतही चालतो. सोनाराकडची चिमुकली मूस असो की पितळ ओतणाऱ्याची मोठी मूस, मातीने आकार धरायचा आणि ग्राफाइटने उष्णता झटकन आत न्यायची. शिवाय वितळलेला धातू ग्राफाइटला ओलं करत नाही, त्यामुळे शेवटचा थेंबही ओतून घेता येतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बॅटरसीत मॉर्गन बंधूंनी या मुशींवर मोठा कारखाना उभा केला, आणि त्या काळात सिलोनच्या खाणींतलं ग्राफाइट जहाजं भरभरून परदेशी जाई. आज आपल्याकडे वाळूजला अशा मुशी बनतात. मूस वापरणाऱ्याला विचारलं तर तो तिच्या गुणांपेक्षा तिचे नखरेच जास्त सांगेल. पावसाळ्यात ती ओल धरते. हळूहळू तापवून न घेता भट्टीत ठेवली तर तडकते. तिच्यावरचा झिलईचा थर गेला, की आतलं ग्राफाइट हवेशी जळत जातं आणि मूस भुसभुशीत होते.

चित्र आणि ओतकाम एकाच माणसात भेटल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १८८५ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांत लक्षात आलं, की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. रंगकाम सुटलं, पण यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही. ते तिकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. मग बेळगावात सायकलचं दुकान, कडबा कापायची यंत्रं, आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपता खपेनात. १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. हे राजेसाहेब स्वतः हाडाचे चित्रकार होते. महाराष्ट्रातल्या ओतकामाचा इतिहास लिहिणारे भांडवल, कच्चं लोखंड, कोक यांबद्दल लिहितात आणि ते बरोबरच आहे. पण मला दिसते ती रंग हातातून गेल्यावरही हातात राहिलेली पेन्सिल. आमच्या कोल्हापुरात तर चित्रकार आणि कारागीर एकाच अंगात असणं फारसं नवलाचं नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवला होता.

उलट दिशेनेही कुणी गेलं आहे. चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ पासून बडोद्याला शिकवत होत्या; १९९० साली अलिबागजवळ किहीमला त्यांचं निधन झालं. ड्राफ्ट्समनची साधनं घेऊन, ग्राफाइट आणि शाईत, त्यांनी नुसत्या रेघांची चित्रं काढली. माणूस नाही, झाड नाही, छाया नाही. पहिल्यांदा पाहताना हे एखाद्या यंत्राचं ड्रॉइंग आहे आणि भाग कुठला ते लिहायचं राहून गेलंय, असं वाटतं. जवळून पाहिलं, की रेघेचं वजन जागोजाग बदललेलं दिसतं: इथे दाब, इथे जेमतेम स्पर्श. ड्रॉइंग ऑफिसात असा बदल खपवून घेत नाहीत. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तर ते परत केलं असतं.

बाकीच्या उपयोगांवर मी रेंगाळत नाही. एडवर्ड ॲचेसनने कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइड) जास्त तापवलं, सिलिकॉन उडून गेलं आणि मागे ग्राफाइट राहिलं. १८९६ मध्ये त्याने कृत्रिम ग्राफाइटचं पेटंट घेतलं. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीतले माणसाएवढे इलेक्ट्रोड आज कृत्रिम ग्राफाइटचेच असतात, आणि तेही झिजत, जळत, खालून संपत जातात. वरून नवा तुकडा आट्यांनी जोडत राहायचं. मोबाइलच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतं, सहा कार्बनमागे एक लिथियम, आणि थर किंचित फाकून त्याला जागा देतात. सैल नसते तर दिली नसती.

मला खरं बोलायचं आहे ते बिडाबद्दल.

ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे नेहमीच्या बिडात, तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. आकडा लहान वाटतो, पण ग्राफाइट लोखंडापेक्षा कितीतरी हलकं, त्यामुळे आकारमानाने ओतकामाचा सुमारे दहावा हिस्सा ग्राफाइटच असतं. नमुना कापायचा, पॉलिश पेपरवर एकेक नंबर चढवत घासायचा, शेवटी कापडावर आरसा काढायचा. इथे हात हलका लागतो, नाहीतर ग्राफाइट उपसून निघतं आणि त्या जागी खड्डे दिसतात. ॲसिड न लावता शंभरपट मोठं करून पाहिलं, की पांढऱ्या मैदानावर काळ्या, वाकड्या, टोकदार पट्ट्या पसरलेल्या दिसतात. त्या छान विखुरलेल्या असल्या तर ‘ए’ प्रकार. धातू घाईने थंड झाला असेल तर बारीक, दाटीवाटीने बसलेला ‘डी’. तो दिसला की मेल्टिंगवाल्यांना फोन जातो.

पुस्तक सांगतं, की या पट्ट्या म्हणजे लोखंडातल्या भेगाच. टोकांशी ताण साठतो, ओढलं की तुकडा न लांबता कडकन मोडतो. खरं आहे. पण लेथचा बेड बिडाचाच का, हेही तिथेच कळतं: कटिंगचा थरकाप या पट्ट्यांत विरून जातो. ब्रेक ड्रमची उष्णता त्या पसरवतात. बीड टर्न करताना छिलका लांब न निघता चुरा पडतो, कुलंट लागत नाही, टर्नरचे हात तेवढे काळे होतात. आणि ओतणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय म्हणजे, गोठताना लोखंड आकसतं तेव्हाच ग्राफाइट बाहेर पडून जागा व्यापतं. आकसणं बरंचसं भरून निघतं, जादा धातू पुरवणारा रायझर लहान पुरतो. भेगांनी भरलेला धातू म्हणून त्याला नाव ठेवणाऱ्यांनी त्या भेगा काय काय काम करतात तेही मांडावं.

१९४३ साली अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या कीथ मिलिसने वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं आणि पट्ट्यांऐवजी ग्राफाइटच्या गोळ्या झाल्या. १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आपण त्याला एसजी आयर्न म्हणतो. ते ओढलं तर मोडण्याआधी लांबतं. क्रँकशाफ्ट, पाण्याचे मोठे पाइप अशी कामं त्याच्यामुळे ओतकामात आली. करायला मात्र ते कटकटीचं. मॅग्नेशियम १,०९० अंशांना उकळतं आणि धातू असतो साडेचौदाशेच्या आसपास. त्याचा मिश्रधातू लॅडलच्या तळाशी खळग्यात ठेवून वर पोलादी चुरा दाबतात आणि मग धातू सोडतात. पांढरा लोळ उठतो, छप्पर उजळून निघतं, सगळे तोंड फिरवतात. तिथून घड्याळ सुरू. दहा-पंधरा मिनिटांत ओतून संपवलं नाही तर मॅग्नेशियम उडून जातं आणि गोळ्या पुन्हा पट्ट्यांकडे झुकू लागतात. गोळ्या करणं म्हणजे ग्राफाइटच्या स्वभावाविरुद्ध, मुदतीवर करून घेतलेलं काम. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर माझा डोळा ग्रे आयर्नवर जास्त वेळ थांबतो.

आता कॅमेरा लावला, की सॉफ्टवेअर गोळ्या मोजून टक्केवारी देतं, आणि अहवालाला तीच लागते. तरी नव्याने आलेल्या ट्रेनींना मी सुरुवातीला डोळा आयपीसला लावून दिसेल ते टू-बीने वहीत काढायला सांगतो. ग्राफाइटचं चित्र ग्राफाइटने. मुलं कुरकुरतात, डिप्लोमाच्या सबमिशनची आठवण काढतात. पण काढताना त्यांना कळतं, की पट्टीची टोकं बोथट नसतात, की एक पट्टी दुसरीच्या पोटातून फुटल्यासारखी दिसते, की गोळीची कड कुठे खरखरीत आहे. छापील आकड्यात हे नसतं.

जवळजवळ सगळे जण पट्ट्या सुट्या सुट्या काढतात. छेदात त्या तशाच दिसतात, म्हणून त्यात गैर काही नाही. प्रत्यक्षात ॲसिडने लोखंड खोलवर खाऊन टाकून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर एका गटातल्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या निघतात. आपण पाहतो ते एकाच वळलेल्या, फाकलेल्या आकाराचे तुकडे. परवा एका मुलीने वही पुढे करून विचारलं, “सर, मग आतलं जोडलेलं आहे हे चित्रात दाखवायचं कसं?” मी म्हटलं, दिसतं तेवढंच काढ, बाकीचं समासात लिही. तिने लिहिलं, आणि पुढचा नमुना लावला.